घरच्या साबणाची पूर्वपीठिका

गेल्या दिवाळींत परभणीच्या एका नातलग बाईंनीं आम्हांस घरीं केलेल्या साबणाच्या सहा वड्या पाठविल्या. तेल निव्वळ खोबरेल, रंग दुधासारखा, वास जवळजवळ नाहींच. प्रत्येक वडीस साध्या कागदाचें वेष्टन असून त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें, ‘आजीच्या वेळची पद्धत.’ साबण उत्तम निघाला. फेस विपुल, वडी कठीण, आणि किंमत विचारावयाची सोय नाहीं असा आपलेपणाचा नजराणा. परंतु वेष्टनावरील त्या तीन शब्दांनीं मात्र आमच्या मनांत किंतु उत्पन्न केला. आमच्या आजीचें माहेर व सासर दोन्ही परभणीकडचीं. तिच्या न्हाणीघरांतील प्रत्येक डबा आम्हांस आठवतो. तींत साबणाची वडी होती खरी, पण ती दुकानांतली, आणि तीहि तिच्या उतारवयांतली. साबण करण्याची पद्धत तिला कोणीं शिकविली असती? हा प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण त्याचा माग काढूं लागल्यावर तो आम्हांस बराच दूर घेऊन गेला. वाचकांनींहि आमच्याबरोबर थोडें चालावें अशी विनंति आहे.

प्रथम न्हाणीघरच पाहूं. अंगास डाळीचें पीठ, सणासुदीस उटणें. केसांस शिकेकाई आणि रिठे. भांड्यांस राख आणि नारळाची शेंडी. लुगडीं-धोतरें रोजच्या रोज पाण्यांतून पिळून निघत, आणि मळकट जाड कपडा परिटाकडे जाई. परीट हा बारा बलुतेदारांपैकीं एक. त्याची खारी माती, त्याची भट्टी आणि नदीकांठचा त्याचा दगड हाच गांवाचा धुलाईचा कारखाना, आणि सुगीच्या वेळीं मिळणारें धान्य हाच त्याचा मोबदला. रेशमी वस्त्राची गोष्ट निराळी. तें क्षारांत घातलें कीं नासतें. पैठणी धुवावयाची तर रिठ्याचें पाणी हवें. मराठवाड्याच्या कोरड्या माळावर हिंगणबेटाचें कांटेरी झाड उगवतें, त्याच्या फळाचा गरहि या कामीं येई. रिठा, शिकेकाई, हिंगणबेट या तिन्हींच्या फळांत निसर्गानेंच फेस करणारें द्रव्य सांठवून ठेविलें आहे. तें काढण्यास ना तेल लागतें ना क्षार. ज्या प्रदेशांत झाडावरच साबण लागतो, तेथें तो चुलीवर शिजविण्याची घाई कोणास होणार?

धुणें हें आमच्या वाङ्मयांतहि जुनें आहे. संत जनाबाई या गोदाकांठच्या गंगाखेडच्या, म्हणजे परभणी जिल्ह्यांतल्याच. तिच्या नांवावरील अभंगांत दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेंचणें आणि धुणें हीं सर्व कामें येतात, आणि त्या प्रत्येक कामीं विठ्ठल तिला हात लावावयास येतो. भाविकांस त्यांत देवाचें वात्सल्य दिसतें, आणि तें आहेच. परंतु इतिहास वाचणाऱ्यास त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. बाईमाणसाचें काम इतकें होतें कीं त्यांत मदतीस साक्षात् देव यावा असें वाटावें. धुण्याचा हा भार ध्यानांत ठेवल्याशिवाय साबणाचा इतिहास कळत नाहीं. तो सुगंधाचा इतिहास नसून मनगटांचा इतिहास आहे.

आतां ‘साबण’ हा शब्द घेऊं. तो संस्कृतांतला नव्हे. अरबींत ‘साबून’, पोर्तुगीजांत ‘सबांव’, आणि दोहोंचे मूळ लॅटिन ‘सापो’ या शब्दाकडे जातें. म्हणजे शब्द फारसीच्या वाटेनें खुष्कीवरून आला म्हणा कीं गोव्याच्या वाटेनें जहाजांतून आला म्हणा, त्याचें आजोळ एकच. वस्तुहि बहुधा शब्दाबरोबरच आली. गुरु नानकांचा काळ १४६९ ते १५३९. त्यांच्या ‘जपुजी’ंत मळलेला कपडा साबणानें धुतला जातो असा दृष्टांत आहे. दृष्टांत नेहमीं ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या वस्तूचाच घेतात. यावरून निदान उत्तर हिंदुस्थानांत तरी त्या वेळीं साबण लोकांच्या परिचयाचा होता असें मानण्यास हरकत नाहीं.

दक्षिणेंत काय होतें? येथें परभणीकरांस अभिमान वाटावा असा एक पुरावा त्यांच्या शेजारींच आहे. जिंतूरच्या उत्तरेस, आज बुलढाणा जिल्ह्यांत असलेलें लोणारचें सरोवर सर्वांस ठाऊक आहे. उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेला सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो खळगा, आणि त्यांत सांचलेलें खारें पाणी. अबुल फझलानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-इ-अकबरी’ंत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत लोणारचा उल्लेख केला असून, त्या डोंगरांत कांच व साबण करण्यास लागणारें सर्व साहित्य मिळतें, आणि तेथील क्षारावरील करानें सरकारास चांगलें उत्पन्न होतें, अशी नोंद केली आहे. कांच आणि साबण यांचा हा एकत्र उल्लेख सहज झालेला नाहीं. दोघींची आई एकच, ती म्हणजे सोडा. वाळूबरोबर सोडा वितळला कीं कांच होते, आणि तेलाबरोबर शिजला कीं साबण होतो. उन्हाळ्यांत सरोवराचें पाणी आटलें म्हणजे कांठावर जो खार धरे, त्याला डल्ला, पापडी, भुसकी अशीं प्रतवारीचीं नांवें होतीं, आणि तो गोळा करण्याचा मक्ता दिला जाई. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, तेव्हां लोणारहि गेलें. परभणी मात्र निजामाच्या राज्यांतच राहिली. एकाच भूमीचे क्षार आणि कापूस अशा रीतीनें दोन राज्यांत विभागले गेले.

येथें साबणाची क्रिया थोडक्यांत सांगितली पाहिजे, नाहीं तर पुढील प्रश्न उमगणार नाहीं. लोणारचा खार किंवा बाजारांतला सज्जीखार हा सौम्य सोडा होय. एवढ्यानें तेलाचा चांगला साबण होत नाहीं. त्यांत पाण्याबरोबर कळीचा चुना मिसळला, म्हणजे चुन्याची खडू होऊन तळाशीं बसते, आणि वर उरणारें पाणी दाहक होतें. हें दाहक पाणी तेलांत आटविलें, कीं तेल फुटून त्याचे दोन भाग होतात. एक साबण आणि दुसरें ग्लिसरीन. चुलींतल्या राखेचें पाणी घेतलें तरी हीच क्रिया होते. पण राखेंत सोडा नसून पोटॅश असतो, त्यामुळें साबण लोण्यासारखा मऊ राहतो, त्याची वडी पडत नाहीं.

आतां प्रश्न असा. सोडा लोणारांत, चुनखडी परभणीच्या काळ्या रानांत जागोजाग, आणि तेल तर गांवोगांवच्या घाण्यावर, करडईचें, तिळाचें, जवसाचें. इतकें सगळें हाताशीं असतां परभणीकडच्या घरांतून साबण कां शिजला नाहीं? आमच्या मतें याचीं तीन कारणें आहेत. पहिलें कारण वर आलेंच. अंगास पीठ, केसांस रिठा आणि कपड्यास परीट अशी कामाची वांटणी झालेली असल्यानें साबणाची जागाच रिकामी नव्हती. दुसरें कारण खाण्याचें. तेल म्हणजे फोडणी आणि दिवा. ज्या घरीं भाकरीवर तेलाची धार मोजून पडे, तेथें शेरभर तेल धुण्यांत घालणें हा अपराधच वाटला असता. तिसरें कारण पाण्याचें, आणि तें सर्वांत प्रबळ. काळ्या खडकांतल्या विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. अशा पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. साबणाचीहि तीच गत होते. पाण्यांतला चुना साबणास धरतो, फेस न येतां पांढरट चिकट साका तयार होतो, आणि अर्धी वडी पाणी मऊ करण्यांतच खर्ची पडते. त्यांतून करडई-जवसाच्या तेलाचा साबण मुळांतच मऊ आणि लवकर खवट होणारा. तेव्हां आमच्या पूर्वजांस साबण करतां येत नव्हता असें म्हणण्यापेक्षां, तो त्यांना परवडत नव्हता आणि त्यांच्या पाण्याला मानवत नव्हता, असें म्हणणें अधिक न्यायाचें होईल.

हें चित्र बदललें तें दूरच्या दोन शोधांनीं. फ्रान्सांत निकोला लब्लां यानें १७९१ सालीं समुद्रांतल्या मिठापासून सोडा करण्याची युक्ति काढली, आणि त्याच देशांतील शव्रल या रसायनशास्त्रज्ञानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तेल व चरबी यांची घटना उलगडून दाखविली. सोडा सरोवराच्या कांठीं वेंचण्याची वस्तु राहिली नाहीं. ती कारखान्यांत टनांनीं निघूं लागली. लोणारच्या खाराचें महत्त्व कमी होण्यास येथूनच आरंभ झाला असें आम्ही समजतों. तिकडे युरोपच्या साबणवाल्यांस चरबी पुरेना, तेव्हां त्यांची दृष्टि उष्ण देशांतल्या ताड-माडांकडे वळली. सिंहल व मलबार येथील खोबरें आणि त्याचें तेल जहाजांतून पश्चिमेकडे जाऊं लागलें. लिव्हर बंधूंचा ‘सनलाइट’ साबण १८८४ सालीं निघाला, आणि १८८८ सालीं त्याच्या पेट्या कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरल्या. परभणीच्या कापसाची जी कथा तीच खोबऱ्याची. कच्चा माल जावा, पक्का माल यावा.

परभणीस हा पक्का माल आणला आगगाडीनें. मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंतचा निजामाचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि सेलू, परभणी, पूर्णा हीं स्थानकें मुंबईच्या बाजारास जोडलीं गेलीं. राज्याच्या हद्दींत येणाऱ्या मालास करोडगिरीची जकात बसे, तरी वस्तु येत राहिल्या. खोबरेल तेल असेंच आलें. परभणीस माड नाहीं. तेथें नारळ देवापुढें फोडावयाचा, आणि सुकें खोबरें मसाल्यांत घालावयाचें. खोबरेल तेलाचा डबा ही परगांवची चीज. पौषांतल्या थंडींत तें तेल दगडासारखें गोठे, आणि वेणीच्या वेळीं डबा उन्हांत ठेवण्यासाठीं मुलींची धांदल उडे. हें तेल सुमारें चोवीस अंशांखालीं थिजतें, हा रसायनशास्त्राचा धडा आमच्या घरीं असा अंगणांतच मिळाला.

विलायती साबणाविषयीं मात्र सोंवळ्या घरांस मोठी शंका होती, आणि ती निराधार नव्हती. साबणांत जनावरांची चरबी असे. देवपूजेपूर्वींच्या स्नानास तो कसा चालावा? मुसलमान घरांनाहि डुकराच्या चरबीची शंका येई. ही नाडी अर्देशीर गोदरेज यांनीं ओळखली. चरबी नसलेला, वनस्पतींच्या तेलाचा धुण्याचा साबण त्यांनीं १९१८ सालीं बाजारांत आणला, आणि पुढें अंगाचा साबण काढला. टाटांची तेलगिरणीची कंपनी १९१७ सालीं स्थापन झाली. तिनें कोचीन संस्थानांत एर्नाकुलम् येथें खोबऱ्याचें तेल काढण्यास आरंभ केला, आणि पुढें तीहि साबणाकडे वळली. तिचाच ‘मोती’ साबण पुढें मराठी घरांतल्या दिवाळीच्या पहाटेचा भाग होऊन बसला, आणि १९९३ सालीं ती कंपनी लिव्हरांच्या हिंदुस्थानांतील कंपनींत विलीन झाल्यावरहि तो रिवाज टिकला. स्वदेशीचा अभिमान आणि सोंवळ्याची शंका, या दोन पायांवर देशी साबण उभा राहिला हें विसरतां येत नाहीं.

आणि आतां कोठें घरचा साबण आला. कारखान्याचा कॉस्टिक सोडा डब्यांतून किरकोळ विकला जाऊं लागला, तेव्हां चुना विरवा, खार भिजवा, निवळी काढा ही सारी यातायात संपली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा सोडा बहुतेक परदेशांतूनच येई. नागपूरच्या ‘उद्यम’सारख्या मासिकांनीं घरगुती धंद्यांची गोडी लाविली होती, आणि सुशिक्षित घरांतल्या स्त्रिया साबण, शाई, दंतमंजन करून पाहूं लागल्या होत्या. घरच्या साबणास खोबरेल तेलच कां, याचें उत्तर शास्त्रांत आहे. या तेलांतील सुमारें निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याचा साबण पाण्यांत चटकन् विरघळतो, भरपूर फेस देतो, आणि जड पाण्यांतच काय, पण समुद्राच्या पाण्यांतहि कांहींसा फेसाळतो. म्हणून खलाशांस हाच साबण देत. शिवाय त्यास विस्तव फारसा लागत नाहीं, आणि वडी कठीण होते. परभणीच्या जड पाण्यास जो साबण मानवला तो कोंकण-मलबारच्या माडाचा, ही या कथेंतली गंमत आहे.

कृति सोपी, पण मापाची आहे. एक किलो खोबरेल तेलास पूर्ण साबण होण्यास सुमारें १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. करडईच्या तेलास सुमारें १३५ पुरतो. शहाणी गृहिणी पांच टक्के सोडा कमीच घेते, म्हणजे १७४ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळें थोडें तेल मोकळें राहून कातडी भाजत नाहीं. सोडा पाण्यांत घालावा, पाणी सोड्यावर ओतूं नये. तें पाणी आपोआप कढत होतें. तें आणि तेल दोन्ही कोमट झालीं म्हणजे पाणी तेलांत धारेनें सोडून ढवळीत राहावें. मिश्रण कढीसारखें दाट होऊन पळीची रेघ वर उमटूं लागली, कीं खोक्यांत ओतून घोंगडीखालीं झांकून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं वड्या कापाव्या, नाहीं तर खोबरेलचा साबण इतका कठीण होतो कीं सुरी चालत नाहीं. पुढें महिना-दीड महिना वड्या वाऱ्यावर वाळवाव्या लागतात. जुन्या बायका वडीच्या टोकास जीभ लावून पाहत. चुणचुणलें तर कच्चा, नाहीं तर पक्का.

या मापाच्या शास्त्राचें मोल आम्हांस एका फजितीनें कळलें. कॉलेजांत रसायनशास्त्र शिकत असतां, सुटींत घरीं येऊन आम्हीं मोठ्या डौलानें साबण करावयास घेतला. आईनें विचारलें, ‘भांडें कोणतें घेऊं?’ आम्हीं हाताशीं होतें तें ॲल्युमिनियमचें पातेलें पुढें ओढलें. सोड्याचें पाणी त्यांत पडतांच पातेलें फसफसूं लागलें, काळें पडलें, आणि घुसमटविणारी वाफ निघाली. त्या वाफेबरोबर निघतो तो हायड्रोजन, आणि चूल पांच हातांवर पेटलेली! आईनें फडक्यानें तें पातेलें धरून अंगणांत नेलें, आणि परत येऊन एवढेंच म्हणाली, ‘तुझ्या पुस्तकांत भांड्याचें नांव नाहीं का रे?’ पुस्तकांत तें होतें; आम्हींच वाचलें नव्हतें. तेव्हांपासून लोखंडी, मातीचें किंवा पोलादी भांडें यांवाचून आम्ही सोड्यास हात लावीत नाहीं. आणि घरगुती म्हणजे निर्धोक, हा समज तर त्याच दिवशीं गेला.

घरच्या साबणास सार्वजनिक रूप देण्याचा मोठा प्रयत्न वर्ध्यास झाला. १९३४ सालच्या डिसेंबरांत तेथें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जे. सी. कुमारप्पा यांनीं त्याची धुरा वाहिली. खाण्याचें तेल साबणांत घालूं नये, लिंबोळी, करंज, मोहा यांचीं वायां जाणारीं तेलें वापरावीं, असा हा विचार होता. पुढें खादी व ग्रामोद्योग आयोगानेंहि अखाद्य तेलें व साबण हा आपला एक उद्योग मानला. आमच्या आजीचा ‘फोडणीचें तेल धुण्यांत कसें घालूं’ हा जो न बोललेला प्रश्न, त्यालाच हें अर्थशास्त्राचें उत्तर होतें. अडचण एवढीच कीं लिंबोळीच्या साबणास उग्र वास आणि फेस कमी. म्हणून त्यांत थोडें खोबरेल घालावें लागे, आणि तत्त्वास तेवढी मुरड पडे.

यानंतर सर्वच साबणांवर मात करणारें द्रव्य आलें. ‘सर्फ’ १९५९ सालीं आणि ‘निरमा’ १९६९ सालीं निघाला. हीं चूर्णें साबण नव्हेत. जड पाण्यांत त्यांचा साका होत नाहीं. मराठवाड्याच्या विहिरींनीं शतकानुशतकें जो खोडा घातला होता तो अशा रीतीनें निघाला, आणि धुणें घरच्या साबणावांचून भागूं लागलें. घरचा साबण उरला तो आवडीचा, भेटीचा आणि बचत गटांच्या विक्रीच्या टेबलावरचा. लोणारचाहि काळ पालटला. जेथून खार वेंचला जाई तें सरोवर २००० सालीं अभयारण्य झालें, आणि २०२० सालीं रामसर यादींत गेलें. आतां तेथून खडाहि उचलावयाचा नाहीं, हें योग्यच आहे.

तर मग त्या वेष्टनावरील शब्दांचें काय करावें? आम्हीं त्या बाईंस पत्र लिहून वरील सर्व हकीकत कळविली, आणि भीतभीतच सुचविलें, कीं ‘आजीच्या वेळची’ हे शब्द गाळावे. त्यांचें उत्तर आलें. त्यांनीं लिहिलें, ‘भाऊ, आजीला साबण करतां येत नव्हता हें मला ठाऊक आहे. पण माप चुकूं न देणें, वाळेपर्यंत धीर धरणें, आणि तेलाचा थेंब वायां न घालविणें, हें मी तिच्याच हाताखालीं शिकलें. तें वेष्टनावर कसें लिहावें तें तुम्हीच सांगा.’

आम्हांस अद्याप तें सांगतां आलेलें नाहीं. इतिहास पाहतां पद्धत आजीची नाहीं. सोडा लब्लांच्या विद्येचा, तेल मलबारचें, मार्ग निजामाचा, हिशेब रसायनशास्त्राचा. पण जिच्या हातानें राख, रिठा, पीठ आणि जड पाणी यांवर एवढें मोठें घर निर्मळ ठेविलें, तिच्या नांवें साबणाची एक वडी निघाली तर फार बिघडलें असें वाटत नाहीं. केवळ तिनें साबण केला असें म्हणून आपण तिचे खरे कष्ट विसरूं नयेत, एवढीच आमची विनंति. साबणाच्या पूर्वीं जें धुणें होतें तें तिच्या मनगटांचें होतें.